ॲफिडेव्हिटवाले श्रीपतजी

अमरावतीच्या तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दुकानाच्या ओट्यावरून मी 'ॲफिडेव्हिट' या इंग्रजी शब्दाचे जे हाल पाहिले, ते एखाद्या शत्रूचेही कोणी करू नयेत. कोणी अफिडीट म्हणतो, कोणी अपडेट म्हणतो. शेंदूरजनाघाटकडच्या एका संत्रेवाल्या बुवांची तर अशी खात्री होती, की हे कोण्या मोठ्या साहेबाचं आडनाव आहे. ते दोन दिवस साहेबांची वाट पाहत कचेरीच्या पायरीवर बसले होते. तिसऱ्या दिवशी चपराशाने त्यांना साहेब बदलून गेल्याचं सांगितलं, असं म्हणतात. माझा त्यात हात नव्हता.

बरं, शब्द कसाही उच्चारा, पण त्याच्यापुढे लावायची क्रियापदं? "एक ॲफिडेव्हिट मारून द्या." "ॲफिडेव्हिट काढून आना." "लावून द्या, चिपकवून द्या, फेकून द्या सोबत एक." शिक्का मारतात, दाखला काढतात, तिकीट चिपकवतात, तसंच हेही. त्या अख्ख्या आवारात एकच माणूस होता, जो ॲफिडेव्हिट 'करतात' असं म्हणायचा. इतर कोणतंही क्रियापद लावलेला माणूस समोर आला, की तो टाइपरायटरवरचे हात उचलून मांडीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "मारायचं असन तं घरी जाऊन मार. इथी करा लागते. आनि कराचं मी नाही, तू."

हे श्रीपतजी ढोके.

कडुनिंबाच्या झाडाखाली निळी ताडपत्री, तिच्याखाली एक लंगडं टेबल आणि टेबलामागे चहाच्या काडीसारखे श्रीपतजी. अंगाने इतके बारीक की वैशाखातल्या वावटळीत त्यांनी टाइपरायटर धरून ठेवला होता, की टाइपरायटरने त्यांना, यावर आमच्या लाइनीत अजून वाद आहे. मात्र त्या काडीतून आवाज असा निघायचा, की त्यांनी 'राहणार, तालुका व जिल्हा अमरावती' एवढं म्हटलं की निंबावरची बगळ्यांची अख्खी वसाहत पत्ता बदलून राजापेठेत जायची. बडनेऱ्याला उभ्या असलेल्या मालगाडीचा गार्ड शिट्टी तोंडात धरून ऐकत राहायचा. यातलं थोडं तुम्ही वजा करून घ्या. पण फार करू नका, कारण मी पंचवीस वर्षं समोर बसून ऐकलं आहे आणि माझा डावा कान अजून नीट चालत नाही.

त्यांची रीत ठरलेली होती. पार्टीला समोर बसवायचे, काय झालं ते तोंडी ऐकायचे, मग टाइप करायचे. कागद ओढून काढला की स्वतः उभे राहायचे, पार्टीलाही उभी करायचे, चपला काढायला लावायचे आणि पहिल्या 'मी'पासून शेवटच्या 'शिक्षेस पात्र राहीन'पर्यंत सगळा मजकूर त्या आवाजात वाचून दाखवायचे. मग चष्मा कपाळावर चढवायचा आणि विचारायचं, "खरं हाय?"

"हाव."

"खरं हाय?"

"हाव नं जी."

"खरं हाय?"

त्यांचं म्हणणं असं, की पहिला हाव तोंडाचा असतो, दुसरा घाईचा असतो, माणसाचा हाव तिसरा. तो आला की मग ते पुढे नोटरीकडे बोट दाखवत. आला नाही तर कागद उलटा करून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "बसा. पानी प्या. पुन्ना सांगा काय झालं थे."

बाकीच्या टंकलेखकांकडे तयार नमुने होते. नाव भरा, वय भरा, चार मिनिटांत मोकळे. श्रीपतजींकडे चाळीस मिनिटं जायची आणि घरातल्या भानगडी अख्ख्या आवाराला समजायच्या त्या वेगळ्या. वाचन सुरू झालं की लोक तर्री-पोह्याच्या प्लेटा हातात घेऊन निंबाखाली जमायचे. तरी त्यांच्याकडे गर्दी असे. म्हातारी माणसं, खेड्यावरच्या बाया, ज्यांना वाचता येत नाही ते सगळे. त्यांना आपल्या अंगठ्याच्या वर काय लिहिलं आहे ते आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऐकू यायचं.

हा शब्द त्यांना तरुणपणी एका म्हाताऱ्या वकिलाने समजावला होता. श्रीपतजींना इंग्रजी येत नव्हतं. मॅट्रिकला इंग्रजीतच नापास झाले होते. पण वकिलाला एकदा हिमतीने विचारलं, "साहेब, मी रोज हा शब्द दहा वेळा टाइप करतो, याचा मतलब काय?" वकिलाने सांगितलं, की हा शब्द मुळात लॅटिन. अर्थ एवढाच, की 'त्याने शपथेवर सांगितलं आहे'. त्याचं मूळ विश्वासाच्या शब्दात आहे.

श्रीपतजींनी हा अर्थ असा धरून ठेवला, जसा एखाद्याने गुरुमंत्र धरावा. मला शंभरदा तरी सांगितला असेल. "पाहा झेरॉक्स," ते म्हणत, कारण माझं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही, "लोकाईले वाटते ॲफिडेव्हिट म्हंजे कागद. कागद नोय थो. मानूस उभा राह्यला, बोलला, झालं ॲफिडेव्हिट. कागद मांगून येते. तू झेरॉक्स कागदाचं काढतं, मानसाचं निंगते का?"

नाही निघत, मी म्हणायचो. मशीन तेवढं भारी नव्हतं.

आमची ओळखही अशाच एका कागदावरून झाली. मी नवा होतो, दुकान टाकायचं होतं आणि बारावीची मार्कलिस्ट नव्हती. डुप्लिकेटसाठी ॲफिडेव्हिट पाहिजे. मी त्यांच्यासमोर बसलो आणि जगातला प्रत्येक माणूस सांगतो तेच सांगितलं, "प्रवासात गहाळ झाली."

"कुठून कुठं चालला होता?"

"अकोल्याले."

"कोन्या गाडीनं?"

मला गाडी आठवेना. त्यांनी हात मांडीवर ठेवले. मी पाणी प्यायलो. मग खरं सांगितलं, की मार्क पाहून बाबांनी ती चुलीत टाकली आणि तिच्यावर आईने भाकरी टाकली. श्रीपतजींनी तसंच्या तसं टाइप केलं : 'सदर गुणपत्रिका वडिलांनी रागाच्या भरात चुलीत टाकल्याने जळून नष्ट झाली.' आणि आवारभर वाचलं. सत्तर लोक हसले. पण मी तीनदा हाव म्हणून बाहेर पडलो, तेव्हा अंगात आंघोळ केल्यासारखं वाटत होतं. बोर्डाच्या खिडकीवरचा बाबू कागद वाचून म्हणाला, "हजार अर्जांत हा पहिला खरा दिसतो," आणि त्याच आठवड्यात डुप्लिकेट हातात दिली.

दुसरा प्रसंग ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा. उमेदवाराने घरी शौचालय आहे आणि आपण ते वापरतो असं लिहून द्यावं, असा नियम आला होता. धामणगाव रेल्वे या गावचे जावई असलेले एक गडी, मिशा अशा की दोन्ही टोकांवर एकेक चिमणी आरामात बसावी, फॉर्म भरायच्या दोन दिवस आधी आले.

"शौचालय हाय?" श्रीपतजींनी विचारलं.

"हाय ना. टाइल्स लावेल हाय."

"वापरतं का?"

"काय?"

"हाय थे हाय. वापरतं का?"

गडी इकडेतिकडे पाहू लागला. पोह्याच्या प्लेटा जमू लागल्या. अखेर निघालं ते असं, की त्या टाइल्सवाल्या खोलीत मागच्या सालापासून कुटार भरून ठेवलेलं होतं. बैलाचा चारा. श्रीपतजींनी कागद उलटा केला. "जाय. कुटार काढ. वापर. मंग ये."

"अहो बाप्पा, परवा शेवटची तारीख हाय!"

"मंग आज संध्याकाळी वापर."

दुसऱ्या दिवशी गडी सकाळीच आला, सोबत साक्षीला बायको. तीनदा विचारायची गरजच पडली नाही. पहिल्याच प्रश्नाला दोघं नवरा-बायको एका सुरात "हाव!" म्हणाले आणि बाई वर म्हणाली, "बैल बाहेर ओरडून राह्यला जी रातपासून." गडी निवडून आला. बैलाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही.

हे सगळं हसण्यासारखं आहे, आणि आम्ही हसायचोही. नव्या वकिलांना मात्र त्याचा वैताग येई. असाच एक तरणा वकील, कोट अजून इस्त्रीचा, एकदा घाईने म्हणाला, "काका, लवकर करा हो. ॲफिडेव्हिट म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी असते." श्रीपतजी रागावले नाहीत. त्यांनी त्याला स्टूल दिलं, आणि लॅटिनपासून सुरुवात केली. पोरगा सुनावणीला उशिरा पोचला.

एकच सांगायचं राहिलं. मधल्या काळात टाइपरायटर जाऊन त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आला. पोराने अकोल्याहून आणून दिला होता. कीबोर्डवर ते जुन्या सवयीने हातोडा मारल्यासारखे बोटं मारायचे. वर्षभरात तीन कीबोर्ड गेले. पण कॉम्प्युटरने त्यांना एक सोय लावली, जी टाइपरायटरवर नव्हती. सकाळचा मजकूर उघडायचा, नावं बदलायची आणि दुपारच्या पार्टीला द्यायचा. सगळे करत होते. तेही करू लागले. वाचून तर दाखवतोच आहोत, मग काय बिघडतं, असं त्यांना वाटलं असेल. मलाही वाटलं.

मग सिंधूताई आल्या.

दिवाळीनंतरचे दिवस होते. पन्नाशीची बाई, हातात कापडी पिशवी, अकोल्याहून पहिल्या बसने आलेली. अकोल्यात डाबकी रोडकडे अंगणवाडीत सेविका होत्या. सरळ निंबाखाली गेल्या.

"ॲफिडेव्हिटवाले श्रीपतजी तुमीच का?"

"हाव. बसा ताई. काय कराचं हाय?"

"कराचं काही नाही. इचाराचं हाय." त्यांनी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. "मी हाय का नाही, थेवढं सांगा."

कागद वारसाचा होता. वलगावच्या पुढे, चांदूर बाजारच्या रस्त्यावर त्यांच्या वडिलांचा संत्र्याचा मळा. वडील चार वर्षांपूर्वी इथल्या दवाखान्यात वारले, आणि धाकटा भाऊ दिगंबर याने तेव्हाच इथे ॲफिडेव्हिट करून तलाठ्याला दिलं. त्यावरून फेरफार झाला, सातबारावर त्याचं एकट्याचं नाव चढलं. परवा सिंधूताईंच्या सुनेने मोबाइलवर सहज सातबारा काढला, तेव्हा कळलं. त्या कागदात चौथ्या क्रमांकाला लिहिलं होतं : 'मयतास मुलगी नाही. वरील व्यक्तीव्यतिरिक्त मयतास अन्य कोणीही वारस नाही.' खाली दिगंबरची सही. कोपऱ्यात बारीक अक्षरात, टंकलेखक श्री. श्री. ढोके.

श्रीपतजींनी तो कागद वाचला. मी समोरून पाहत होतो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एखादा कागद मनात वाचला.

"मागितलं असतं तं मी माह्या हिश्श्याची हक्कसोड करून देल्ली असती," सिंधूताई म्हणाल्या. "आमच्याकडच्या साऱ्या पोरीईनं देल्ली, मी काही येगळी नाही. पन सोडाले बी कोनी असा लागते ना जी? इथं तं मी जलमलीच नाही म्हनते. अंगनवाडीत मी दीडशे लेकराईचे नावं लिवतो. एकाचं सुटलं तं साहेब मले उभी करते."

श्रीपतजींनी तारीख पाहिली, कॉम्प्युटर उघडला. त्या तारखेला दोन वारसाचे मजकूर होते. सकाळचा एका धामणगावच्या कुटुंबाचा. त्या मयताला खरंच मुलगी नव्हती, आणि तलाठ्याने मुद्दाम तसं लिहून आणायला सांगितलं होतं. दुपारचा दिगंबरचा. नावं बदलली होती, गाव बदललं होतं, गट नंबर बदलला होता. चौथा क्रमांक जसाच्या तसा.

"वाचला नव्हता का?" मी जवळ जाऊन विचारलं.

आणि मग दोघांनाही तो दिवस आठवला. त्या दिवशी कचेरीवर मोर्चा आला होता. गेटावर दोन मोठे भोंगे, घोषणा, मी अर्धं शटर ओढून बसलो होतो. श्रीपतजी निंबाखाली उभे राहून वाचत होते, आणि मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. समोर एक माणूस अनवाणी उभा होता, बाप मरून आठ दिवस झालेला. तो प्रत्येक वेळी मान हलवत होता.

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "श्रीपतजी, सही दिगंबरची आहे. तुमचं काय जातं? मशीनची चूक म्हणा, विषय संपला."

"मशीननं 'खरं हाय?' इचारलं नोतं," ते म्हणाले. "म्या इचारलं होतं. तीनदा." थोडा वेळ ते त्या लंगड्या टेबलाचा पाय दाबत बसले. मग म्हणाले, "माह्या तोंडानं वाचलं, झेरॉक्स. म्या ऐकलं नाही. मी बी फॉर्मॅलिटी करून राह्यलो होतो."

सिंधूताईंनी प्रांतसाहेबांपुढे अपील केलं. ऑफिस त्याच आवारात. त्यांचा वकील म्हणून उभा राहिला तोच इस्त्रीच्या कोटाचा पोरगा, कोट आता जरा मुरलेला. त्याने आम्हाला साफ सांगितलं, की केस अवघड आहे. ताईंच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं हाकेचं, म्हणजे घरी मारायचं, नाव लावलेलं आहे, खऱ्या नावाशी जुळत नाही. लग्नाला तीस वर्षं झालेली, म्हणजे आडनावही बदललेलं. दुसऱ्या बाजूला मात्र शपथेवरचा कागद आहे. त्या कागदातलं ते वाक्य चुकून आलं हे कोणी शपथेवर सांगितलं, तर गोष्ट वेगळी. सांगू शकणारा माणूस एकच.

"पण काका," तो म्हणाला, "तुम्ही असं लिहून दिलं तर इथं बसायची परवानगी जाईल. दरवर्षी तुम्हाला ती नव्याने घ्यावी लागते. निष्काळजीपणा स्वतः कबूल केल्यावर कोण देणार?"

"तूच म्हनत होता ना बे, नुसती फॉर्मॅलिटी असते म्हनून?" श्रीपतजी म्हणाले. पोरगा लाजला. श्रीपतजींना त्याला टोमणा मारल्याचा आनंद झाला, पण अगदी चिमूटभर.

सुनावणीच्या सकाळी त्यांनी ते टाइप केलं. नवा कोरा मजकूर, जुनं काही न उघडता. 'मी, श्रीपत ढोके, वय एकाहत्तर वर्षे, धंदा टंकलेखन, सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की...' मग कागद काढून ते उभे राहिले आणि त्यांनी चपला काढल्या. लोक जमले. पोहेवाल्याने झारा खाली ठेवला. श्रीपतजींनी वाचलं. आवाज तोच होता, पण मला शपथेवर सांगायला लावाल तर बगळे त्या दिवशी जागचे हलले नाहीत. आपण सकाळचा मजकूर दुपारी वापरला, मयतास मुलगी नाही हे वाक्य शपथकर्त्याने सांगितलेलं नसून आपल्या हयगयीने त्यात राहिलं, गोंगाटात वाचन ऐकू जात नसतानाही आपण ते पूर्ण झाल्याचं समजलो, हे सगळं वाचलं. 'खोटे आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन.'

वाचून झालं आणि ते थांबले. चष्मा कपाळावर गेला. आता विचारायचं कोणी? इतक्या वर्षांत ते काम दुसऱ्या कोणी केलं नव्हतं. मी घसा खाकरला.

"खरं हाय?" सिंधूताई म्हणाल्या. आवाज अंगणवाडीतला, बारीक आणि कडक.

"हाव."

"खरं हाय?"

"हाव, ताई."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारायला जरा वेळ घेतला. "खरं हाय?"

श्रीपतजींनी मान खाली घातली. मग हात जोडले. वकिलाने कागद घेतला आणि नोटरीकडे पळाला.

गर्दी हलली तेव्हा मागे एक माणूस उभा दिसला. उन्हाने रापलेला, खांद्यावर दुपट्टा, हातात टाइप केलेला कागद. दिगंबर. त्याने सगळं ऐकलं होतं. बहिणीकडे न पाहता तो टेबलापाशी आला.

"हे जरा वाचून द्या जी," तो म्हणाला. "माह्या वकिलानं लिवून देल्लं. सही करा लागते. मांगच्या खेपी बी काही ऐकू आलं नोतं मले."

श्रीपतजींनी विचारलं, "सातबारावर बहिनीचं नाव नाही थे दिसलं नोतं का?"

"दिसलं." दिगंबरने दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "मले वाटलं सरकारनंच असं केलं असन. मंग म्हटलं, राहू द्या. बोललो नाही."

श्रीपतजींनी कागद घेतला. पुन्हा उभे राहिले. दिगंबरने आपण होऊन चपला काढल्या. सिंधूताई तीन हातांवर स्टुलावर बसल्या होत्या. श्रीपतजींनी एकाच पट्टीत वाचत नेलं, कुठे जोर नाही, कुठे थांबणं नाही. 'अर्जदार ही मयताची मुलगी असल्याचे जबाब देणाऱ्यास माहीत नाही व मान्य नाही. अर्जदाराचा जबाब देणाऱ्याशी कोणताही नातेसंबंध नाही.' शेवटपर्यंत वाचलं.

"खरं हाय?"

दिगंबरने दुपट्टा खांद्यावर सारखा केला. कचेरीच्या आतून चपराशाने कोणाचा तरी पुकारा केला. तो आमचा नव्हता.

"खरं हाय?"

"मले कडेवर घेऊन नदीवर जाये थे," दिगंबर म्हणाला. बोलत होता श्रीपतजींशी, पाहत होता निंबाच्या बुंध्याकडे. "मी जड होतो. दोनदा पडली मले घेऊन. गुडघ्याले डाग हाय अजून तिच्या."

"मंग?"

"हे नाही देत मी. फाडा."

"कागद तुहा हाय. मी नाही फाडत."

दिगंबरने तो घेतला आणि फाडला. फाडायलाही त्याला जमेना, मधेच अडकला, मग दाताने सुरुवात करून दिली. सिंधूताई उठल्या. मला वाटलं आता गळाभेट होईल, मी रुमालही काढला. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "तुकडे उचल. लोकाईचं आवार हाय." आणि दोघं भाऊ-बहीण वाकून तुकडे वेचू लागले.

पुकारा झाला तेव्हा साहेबांसमोर दिगंबरने एकच वाक्य सांगितलं, "मोठी बहीन हाय माही." पुढचं सगळं सरकारी गतीने झालं, म्हणजे संत्र्याचे दोन बहार येऊन गेले. नवा सातबारा निघाला तेव्हा दोघंही माझ्याच दुकानात झेरॉक्सला आले. दिगंबर हळूच म्हणाला, "आता नाव तं चढलं ताई. हक्कसोडीचं मंग...?"

"पुढच्या आंबिया बहाराले पाहू," सिंधूताई म्हणाल्या. "आत्ता तं आली मी. जरा बसू दे." आणि पाच झेरॉक्स जास्तीच्या काढून घेतल्या.

श्रीपतजी तेव्हा निंबाखाली नव्हते. परवानगी नव्याने मिळाली नाही. तसं पत्र आलं होतं, 'आपल्या कबुलीनुसार टंकलेखनात हयगय झाल्याचे निष्पन्न होत असल्याने' वगैरे. आम्ही लाइनवाले निवेदन द्यायला निघालो, तीनशे सह्या जमवल्या, त्यातल्या वीस-पंचवीस खऱ्या माणसांच्या होत्या. श्रीपतजींनी आम्हाला थांबवलं. ते पत्र हातात घेऊन उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात आम्हाला अख्खं वाचून दाखवलं. "यात खोटं काय हाय?" त्यांनी विचारलं. आम्ही निवेदनाचा कागद घडी करून खिशात ठेवला. टेबल त्यांनी पोहेवाल्याला देऊन टाकलं, ताडपत्री घडी केली आणि पोराकडे अकोल्याला गेले.

त्यांची जागा वर्षभर कोणी घेतली नाही. पुढे एक चुणचुणीत मुलगी लॅपटॉप घेऊन बसू लागली. चांगलं काम करते. चार मिनिटांत देते.

मागच्या उन्हाळ्यात मी मशीनचा ड्रम घ्यायला अकोल्याला गेलो होतो. तिथल्या कचेरीवरून जात होतो तर बाहेरच्या पायऱ्यांवर, सावलीच्या बाजूला, श्रीपतजी बसलेले. टेबल नाही, कॉम्प्युटर नाही, साधं पेनही खिशाला नव्हतं. शेजारी धोतर नेसलेला एक म्हातारा शेतकरी आणि त्याच्या हातात दुसरीकडून टाइप करून आणलेला कागद. आणखी दोन बाया आपापले कागद धरून वर बसल्या होत्या. मी हाक मारणार होतो, पण त्यांचं वाचन चाललेलं होतं, आणि ते चालू असताना मधे बोलायची हिंमत मी इतक्या वर्षांत कधी केली नव्हती.

आवाज खाली आला होता. मला चार पायऱ्यांवरून जेमतेम ऐकू येत होता. वाचून झालं तसा म्हातारा म्हणाला, "हाव जी, खरं हाय. अंगठा देऊ का आता?"

"थांबा," श्रीपतजी म्हणाले. त्यांनी कागदाची घडी करून म्हाताऱ्याच्या खिशात ठेवली. "थे माहं वाचून झालं. आता कागद पाहू नका. काय लिवलं हाय थे तुमच्या तोंडानं सांगा. मी ऐकतो."

म्हाताऱ्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि सुरुवात केली. धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून केली, मग विहिरीवर गेला, मग मरून गेलेल्या थोरल्या भावावर. श्रीपतजींनी कानामागे हात धरला होता, डोळे मिटले होते, आणि एकेका शब्दाला ते हळूहळू मान हलवत होते.